सापाच्या इंजेक्शनामागचं मीठ

श्रावणात वावरात निंदण सुरू झालं की आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये काचेच्या कोरड्या, कोऱ्या नळ्या वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात. प्लॅस्टिकच्या चालत नाहीत, साबणाने धुतलेल्या तर नाहीच नाही. साप चावलेला माणूस आला की २ मिली रक्त त्या नळीत घ्यायचं, नळी स्टँडला उभी करायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग हळूच आडवी करून पाहायची. धड रक्ताचा गोळा नळीला धरून बसलेला असतो. घोणस चावली असेल (आमच्याकडच्या काही गावांत तिला परड म्हणतात) आणि विष अंगात भिनलं असेल, तर रक्त पाण्यासारखं ओघळतं.

रक्त गोठण्यासाठी फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन लागतं, आणि घोणशीचं विष ते शरीरातच खर्चून टाकतं. आता यात एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. रक्त गोठलं, गोळा आकसला, की वर जो पिवळसर निवळ द्रव सुटतो त्याला सीरम म्हणतात. या रुग्णाचं रक्तच गोठत नाही, म्हणून त्या दिवशी त्याचं सीरम आम्हाला मिळत नाही. आणि त्याच्यावर उपाय काय, तर घोड्याच्या रक्तातलं सीरम.

मागच्या पावसाळ्यात एका पोराचा बाप लॅबच्या दारात उभा होता. पोराला घोणस चावली होती, सलाईनमधून औषध सुरू झालं होतं. हातात रिकामी शिशी धरून त्याने विचारलं, ‘‘भाऊ, हे काय असते यात?’’

‘‘घोड्याच्या रक्तातली प्रथिनं, काका. विषाला धरून ठेवणारी.’’

‘‘अन् थे रक्तातून काढते कसं?’’

‘‘मीठ घालून. अमोनियम सल्फेट.’’

काका शिशीकडे पाहतच राहिले. ‘‘हे तं आपलं खत होय न!’’

होय, तेच. युरिया घरोघरी पोचायच्या आधीच्या पिढीने वावरात टाकलेलं पहिलं रासायनिक खत बहुतेक हेच असेल. बिहारात (आता झारखंडात) सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ साली सुरू झाला तो याच खतासाठी. पोत्यातलं खत आणि लॅबमधल्या बाटलीतलं मीठ यांच्या शुद्धतेत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण जात एकच. काकांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मात्र पावणेदोनशे वर्षं मागे जातं.

सीरम म्हणजे नुसतं पिवळं पाणी नव्हे. निरोगी माणसाच्या १०० मिली सीरममध्ये साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं विरघळलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या सगळ्याला सरसकट अल्ब्युमिन म्हणत, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी. उकळलं की ते घट्ट व्हायचं, आणि शिजलेलं अंडं जसं परत कच्चं होत नाही तसं तेही परत विरघळायचं नाही. उष्णतेने प्रथिन सापडायचं, पण हातचं जायचं.

१८५०च्या आसपास डेन्मार्कच्या पीटर पानुमने सीरममध्ये भरपूर पाणी आणि थोडं ॲसेटिक आम्ल घातलं. थोडा साका खाली बसला, बाकीचं वर निवळ राहिलं. म्हणजे आत किमान दोन निराळ्या वस्तू होत्या. दही-ताकाच्या घरात वाढलेल्या कुणालाही हा प्रयोग परका वाटू नये: दुधात लिंबू पिळलं की चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. पानुमने त्या साक्याला दुधातल्या केसीनच्याच रांगेत बसवलं होतं. ते नाव पुढे टिकलं नाही, पण वाट सापडली. १८५९ साली फ्रान्समध्ये प्रॉस्पेर दनीने रक्तातली प्रथिनं क्षार घालून वेगळी करण्याचे आपले प्रयोग छापले. मग उप्सालाच्या ओलोफ हामारस्टेनने मॅग्नेशियम सल्फेट हाती घेतलं. ते सीरममध्ये विरघळेनासं होईपर्यंत घालत गेलं की एक गट खाली बसतो, दुसरा वर तरंगत राहतो. खाली बसला तो ग्लोब्युलिन, वर राहिला तो अल्ब्युमिन.

ही वाटणी अजून आपल्या रिपोर्टवर छापलेली असते. कावीळ झालेल्या, पायावर सूज आलेल्या, कुपोषित पोराच्या रिपोर्टवर अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि त्यांचं गुणोत्तर असे तीन आकडे एकाखाली एक येतात. वाचणाऱ्याला वाटतं, शरीराने हे दोन खाते उघडून ठेवलेत. तसं काही नाही. शरीराला ग्लोब्युलिन नावाची एकच अशी वस्तू माहीत नाही. लोखंड वाहणारं प्रथिन, विषाणूशी झुंजणारं प्रथिन, चरबी वाहणारं प्रथिन, यांचं एकमेकांशी काही नातं असेलच असं नाही. ठराविक मिठाच्या ठराविक प्रमाणात खाली बसतात, एवढ्यावरून ते एका नावाखाली आले. नाव निसर्गाने दिलं नाही, मिठाने दिलं.

अमोनियम सल्फेटने ही वाटणी सोपी केली, कारण ते पाण्यात प्रचंड विरघळतं: साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात ७० ग्रॅमच्या वर. त्यातून प्रथिनं सहसा बिघडत नाहीत. १८८०च्या दशकात त्याचा नियम पक्का झाला. सीरम आणि या मिठाचं संपृक्त द्रावण (म्हणजे ज्यात आणखी मीठ विरघळूच शकत नाही असं) समसमान घेतलं, म्हणजे अर्धी संपृक्तता झाली, की ग्लोब्युलिन बसतं. पुढे मीठ घालून पूर्ण संपृक्तता केली की अल्ब्युमिन बसतं.

नागपूरला डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) शिकत असताना आमच्या सरांनी हे एकदा करून दाखवलं होतं. नळीत एक मिली सीरम. ड्रॉपरने मिठाचं द्रावण थेंब थेंब टाकायचं आणि दर थेंबाला नळी हलवायची. घाई केली तर थेंब पडतो तिथेच मिठाचा जोर एकदम वाढतो आणि जे खाली बसायला नको तेही बसतं. सुरुवातीचे काही थेंब काहीच होत नाही. मग थेंब पडतो त्या जागी धुरकट वलय उठतं आणि हलवल्यावर विरून जातं. पुढे ते विरेनासं होतं. शेवटी सगळी नळी तांदळाच्या पेजेसारखी पांढरी होते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, तळाशी पांढरा साका, वर निवळ. सरांनी निवळ दुसऱ्या नळीत काढली आणि त्या साक्यावर साधं सलाईन घातलं. आम्ही वर्गातली सतरा-अठरा पोरं-पोरी वाकून बघत होतो. साका विरघळला. पूर्ण विरघळला, जणू काही झालंच नव्हतं. ‘‘अंडं उकळलं असतं तर हे झालं असतं का?’’ एवढंच सर म्हणाले आणि नळी पुढच्या बाकावर दिली.

सगळं इंजेक्शन या एका गोष्टीवर उभं आहे. मिठाने बसवलेलं प्रथिन मेलेलं नसतं, फक्त बाहेर काढलेलं असतं.

मिठाने प्रथिन खाली का बसतं? प्रथिनाच्या कणाभोवती पाण्याचे रेणू चिकटून असतात, म्हणून तो तरंगत राहतो. मिठाला स्वतःला विरघळायला पाणी लागतं. मीठ वाढत गेलं की पाण्याची ओढाताण होते, प्रथिनांचे पाण्याला नकोसे भाग उघडे पडतात, ते एकमेकांना चिकटतात आणि गोळा होऊन खाली येतात. पावसाळ्यात नदीच्या गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तेव्हाही साका बसतो. पण तिथलं कारण वेगळं आहे. तुरटी मातीच्या कणांवरचा विजेचा भार मारते. दिसायला सारखं, आतून निराळं. साबण करणाऱ्याचं उदाहरण जास्त जवळचं आहे. शिजलेल्या साबणाच्या पाण्यात खडेमीठ टाकलं की साबण वर येऊन थर धरतो. ती कला फार जुनी. प्रथिनांवर ती लावायला रसायनशास्त्राला वेळ लागला.

कुठलं मीठ किती जोर लावतं याची उतरंड १८८८ साली प्रागच्या फ्रांत्स होफमायस्टरने लावली. अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं घेऊन एकेक क्षार किती घातला की गढूळपणा येतो, हे त्याने मोजलं. सल्फेट वरच्या पायरीवर, क्लोराइड मधे, थायोसायनेट तळाशी. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी ही उतरंड त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि ती नेमकी का लागते यावर रसायनशास्त्रज्ञ अजून शोधनिबंध लिहितात.

इथवर हे सगळं प्राध्यापकांचं कुतूहल होतं. १८९०च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचं सीरम दुसऱ्या प्राण्याला वाचवतं. घटसर्पाचंही तसंच. १८९४ साली पॅरिसमध्ये फिसालिक्स-बर्त्रां आणि काल्मेत यांनी सापाच्या विषावर तोच मार्ग लावला. आपल्या देशात कसौलीला आणि पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पदंशाचं औषध तयार होऊ लागलं. घोड्याला विषाची मात्रा हळूहळू वाढवत द्यायची, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाला धरून ठेवणारी प्रथिनं, तयार होतात, ती काढून घ्यायची. काल्मेतचं सीरम नागावर बेतलेलं होतं आणि ते घोणशीच्या विषावर चालत नाही, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत काम करणाऱ्या जॉर्ज लँबने दाखवून दिलं. म्हणून पुढे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एक औषध आलं.

पण तेव्हाचं इंजेक्शन म्हणजे घोड्याचं अख्खं सीरम होतं. घोड्याचं अल्ब्युमिन, घोड्याचं सगळं काही माणसाच्या अंगात. आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर गांधी, सांधेदुखी. १९०५ साली व्हिएन्नाच्या फोन पिर्के आणि शिक यांनी त्याला ‘सीरमचा आजार’ असंच नाव दिलं. रोग बरा आणि औषध भोवलं, अशी गत.

१९०६ साली न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत गिब्सनने घटसर्पाच्या सीरमवर अमोनियम सल्फेट वापरलं. घटसर्पाच्या विषाला मारणारी प्रतिपिंडं ग्लोब्युलिनसोबत खाली बसतात, म्हणून तेवढाच साका उचलायचा, अल्ब्युमिन टाकून द्यायचं, मग साका विरघळवून त्यातलं मीठ पडद्यातून पाण्यात झिरपू द्यायचं. थोड्या आकारमानात जास्त जोर आणि परक्या प्रथिनांचा बोजा कमी. १९३९च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोप नावाच्या संशोधकाने त्यात जठरातल्या पेप्सिन या विकराची (एन्झाइमची) भर घातली. पेप्सिन प्रतिपिंडाची शेपटी तोडतं. विष धरणारे दोन हात एकत्र राहतात आणि शेपटीमुळे होणारे काही त्रास टळतात. आज आमच्या कपाटातल्या शिशीवर ‘विकर वापरून शुद्ध केलेली’ अशा अर्थाचा जो शब्द असतो, तो या पेप्सिनचा.

त्याच शिशीवर आणखी आकडे असतात. १ मिली औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारचं ०.४५, घोणशीचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. शिशी १० मिलीची. म्हणजे पूर्ण शिशीला घोणशीचं ६ मिलिग्रॅम विष. म्हणून सुरुवातीलाच ८ ते १० शिश्या द्याव्या लागतात, आणि नातेवाईक घाबरतात, ‘‘एवढे इंजेक्शन काहून?’’ उत्तराचा एक भाग इतिहासात आहे. मीठ घोड्याच्या सगळ्याच प्रतिपिंडांना सारखं खाली बसवतं. घोड्याने आयुष्यभर गवतातल्या, शेणातल्या, हवेतल्या जंतूंविरुद्ध जी प्रतिपिंडं केली तीही त्या साक्यात येतात. पेप्सिन शेपट्या तोडतं, पण कामाची कोणती आणि बिनकामाची कोणती हे त्यालाही कळत नाही. वर विष गोळा होतं ते मुख्यतः तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेत, १९७८ साली निघालेल्या. तिकडची घोणस आणि आपल्या काळ्या मातीतली घोणस यांच्या विषाचा मेळ तंतोतंत बसतोच असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की शुद्धीकरणावर जेवढी बुद्धी खर्च झाली, तेवढी या दुसऱ्या प्रश्नावर झालेली नाही.

दवाखान्याच्या लॅबकडे हे मीठ आलं ते वेगळ्या दाराने. १९२१ साली हाऊ नावाच्या संशोधकाने अमोनियम सल्फेट सोडून सोडियम सल्फेट घेतलं. कारण साधं होतं: प्रथिनं मोजायची ती त्यातल्या नायट्रोजनवरून, आणि अमोनियातही नायट्रोजन असतो, मग हिशेब कसा लागणार? त्याच्या पद्धतीत हे मीठ साधारण २२ टक्के लागतं आणि ते ३७ अंशांवर ठेवावं लागतं, कारण सोडियम सल्फेट थंडीत फार विरघळत नाही. सर सांगायचे, त्यांच्या उमेदवारीच्या काळात मे महिन्यात इन्क्युबेटर बंद पडला तरी कुणी घाबरत नसे, विदर्भाचं ऊनच काम करायचं. डिसेंबरात मात्र सकाळी लॅब उघडली की बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे स्फटिक. बाटली गरम पाण्यात धरून बसायची, मगच पहिला रुग्ण.

नंतर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आलं. हे रंगद्रव्य अल्ब्युमिनलाच धरतं आणि पिवळ्याचं हिरवं-निळं होतं, साका बसवायची गरजच उरली नाही. आता आम्ही एकूण प्रथिनं मोजतो, अल्ब्युमिन मोजतो आणि ग्लोब्युलिन वजाबाकीने लिहितो. हामारस्टेनने निदान ते डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्यासाठी ते म्हणजे जे उरलं ते.

मिठाची मक्तेदारी मोडली ती दोन ठिकाणी. पहिलं उप्साला. १९३७ साली आर्ने टिसेलियसने विजेच्या प्रवाहात सीरम धावायला लावलं आणि ग्लोब्युलिनचे तीन घोळके वेगळे दिसले: अल्फा, बीटा, गॅमा. प्रतिपिंडं मुख्यतः गॅमात. १९४८ साली त्याला नोबेल मिळालं. दुसरं बोस्टन. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेला सैनिकांसाठी रक्ताला पर्याय हवा होता, आणि हार्वर्डच्या एडविन कोनने मिठाऐवजी थंडगार अल्कोहोल घेतलं. अल्कोहोलनेही प्रथिनांचा पाण्यातला आधार सुटतो, पण गरम झालं तर ती कायमची बिघडतात. म्हणून सगळं काम शून्याखाली. आम्लता, क्षार, अल्कोहोल, तापमान, प्रथिनाचं प्रमाण ही पाच सूत्रं एकेक करून फिरवायची. ८ टक्के अल्कोहोलला, उणे ३ अंशांवर, फायब्रिनोजेन खाली. २५ टक्क्यांना प्रतिपिंडं. शेवटी ४० टक्के, आम्लता (पीएच) ४.८ आणि उणे ५ अंश, की अल्ब्युमिन. हा पाचवा भाग. गायीच्या अल्ब्युमिनच्या बाटलीवर अजून ‘फ्रॅक्शन फाइव्ह’ लिहिलेलं असतं. बाटली हाताळणाऱ्यातल्या बहुतेकांना पहिले चार कुठे गेले हे ठाऊक नसतं.

डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले, तेव्हा भाजलेल्या सैनिकांना कोनचं अल्ब्युमिन टोचलं गेलं. २५ टक्क्यांचं १०० मिली द्रावण अर्धा लिटर प्लाझ्माइतकं (प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणारा द्रव) पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. मीठ इथे मागे पडलं, कारण मिठाच्या साक्यातून नंतर मीठ काढत बसावं लागतं. अल्कोहोल थंडीत उडवून लावता येतो आणि जंतूंना वाढू देत नाही. माणसाच्या रक्तापासूनची औषधं आजही मोठ्या प्रमाणावर याच वाटेने जातात. घोड्याच्या औषधाने मात्र मिठाची साथ सोडली नाही. मीठ स्वस्त आहे, आणि उणे पाच अंशांचे हौद लागत नाहीत.

अलीकडची एक वाट मला फार आवडते, कारण ती उलटी आहे. कॅप्रिलिक आम्ल घातलं की प्रतिपिंडं सोडून बाकीचीच प्रथिनं खाली बसतात. जे हवं ते कधी गोळाच होत नाही, द्रावणातच राहतं, म्हणून त्याला इजाही कमी. १९६९ साली ही पद्धत छापून आली आणि १९९४ साली कोस्टारिकाच्या शास्त्रज्ञांनी ती सर्पदंशाच्या औषधावर लावली. कॅप्रिलिक हे नाव लॅटिनमधल्या शेळीवरून पडलं. शेळीच्या दुधात ते असतं, खोबरेल तेलातही, आणि बाटली उघडली की बोकडाचा गोठा आठवतो.

त्या रात्री काकांच्या पोराला दिलेल्या शिश्या कोरड्या पुडीच्या होत्या. गोठवून वाळवलेलं औषध फ्रीजवर तितकं अवलंबून नसतं आणि आमच्याकडची वीज पावसाळ्यात कशी असते ते सांगायला नको. सिस्टर शिशीत पाणी सोडतात आणि ती दोन तळव्यांमध्ये रवीसारखी, पण अगदी सावकाश, फिरवतात. हलवली तर फेस येतो, आणि फेसात प्रथिनं वाया जातात. पांढरी वडी कडेने पातळ होत जाते, मधे कापसाच्या बोंडाएवढा गोळा उरतो, मग तोही जातो. काका शेजारी उभं राहून बघत होते. दहा शिश्या, प्रत्येकीला तेवढाच वेळ.

सहा तासांनी, पहाटे, पुन्हा रक्त घेतलं. नवी कोरी काचेची नळी, २० मिनिटं. आडवी केली तर गोळा जागचा हलला नाही. मी ती तशीच स्टँडला ठेवून दिली. चहा घेऊन परत आलो तेव्हा गोळा आकसला होता आणि त्याच्या कडेने पिवळं, निवळ सीरम सुटायला लागलं होतं.